बोलोची आणि लाटवी

आत्मकथन लिहिणारा माणूस एक तर म्हातारा असावा, नाही तर मोठा. मी अजून म्हातारा झालेलो नाही, आणि मोठा होण्याची लक्षणंही दिसत नाहीत. कानांपाशी थोडे केस पांढरे झालेत खरे, पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सगळ्यांचेच ते होतात. तेव्हा लिहायला बसल्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे आपल्याबद्दल लिहायचं असतं का, आणि लिहायचं तर कुठून सुरू करायचं, हे विचारायलाही घरात कोणी नाही. फुईला विचारलं, तर ती म्हणाली, "जे तोंडे सांगता येस ते लिखाले कसाले बसानं?" फुई म्हणजे माझी आत्या. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण ही गोष्ट तोंडी सांगितली की लोक मला चेष्टेखोर समजतात. मी तसा नाही. माझं पुण्याला जाणं खरोखरच बलोची भाषेवर अडलं होतं, आणि लाटवियन भाषा आडवी आली होती. यांपैकी एकही भाषा बोलणारा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

आमचं गाव प्रकाशा ह्या तीर्थक्षेत्राच्या थोडं अलीकडे, तापीच्या काठी. घर चार खणांचं, पुढे अंगण, अंगणात निंब, निंबाखाली आबांची बाज. आबा म्हणजे माझे वडील. ते कमी बोलत. सकाळी बोअरची मोटर सुरू झाली की तिचा घुमणारा आवाज, मायने भाकरी थापल्याचा पट्‌पट् आवाज आणि म्हशीने दावणीला मारलेला धक्का, हे सगळं ऐकू यायचं ते फुई उठण्याआधी. फुई उठली की मग फक्त फुई ऐकू यायची. तिचं सासर नवापूरकडे, चिंचपाड्याजवळ. तिच्या नवऱ्याला, म्हणजे फुवांना, शांतता आवडायची, फुईला माणसं आवडायची, म्हणून दोघांनी न भांडता असं ठरवून टाकलं होतं की वर्षातले बरेच महिने फुईने माहेरी राहायचं. ती चुलीवर वांगी भाजता भाजता वांग्याशी बोलायची. भरितासाठी लाकडी बडगीत मिरच्या ठेचताना ज्या बाईचा राग आलेला असेल तिचं नाव घेऊन ठेचायची, आणि त्या दिवशीचं भरीत अप्रतिम व्हायचं. माझं नाव आधार. हे नावही तिनेच ठेवलेलं, आणि ते त्या कार्डाच्या कितीतरी आधीचं आहे. तरी आजही कुठल्याही खिडकीवर मी नाव सांगितलं की समोरचा माणूस म्हणतो, नाव सांगा, कार्ड नंतर दाखवा.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो. मराठी ही शाळेत घालून जायची भाषा होती, गणवेशासारखी, आणि घरी आलो की मी ती खुंटीला टांगून ठेवायचो. शहाद्याला कॉलेजात जायला लागलो तेव्हा ती दिवसभर घालावी लागली. मी हळू बोलायचो, कारण प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन, वाळवून मग बाहेर काढायचो. वर्गातल्या लोकांना वाटायचं, मुलगा फार विचारी आहे. तिथे माझा एकच जवळचा मित्र झाला, सायसिंग, धडगावच्या वरच्या पाड्यातला. तो घरी पावरी बोलायचा, म्हणजे मराठी त्यालाही घालावीच लागायची, पण तो ती उलटीसुलटी कशीही गुंडाळून बिनधास्त फिरायचा. तो वसतिगृहात राहायचा. मी रोज बसने ये-जा करायचो, आणि बस सुटेपर्यंतचा वेळ ग्रंथालयात काढायचो. ग्रंथालयात चालू पंखा एकच होता. त्याच्याखाली ज्ञानकोशाच्या जाड खंडांचं कपाट होतं, आणि वारा नेमका 'प' पासून 'ब' पर्यंतच्या खंडांवर यायचा. त्यामुळे तीन वर्षांत माझं प, फ आणि ब ह्या अक्षरांचं ज्ञान फार चांगलं झालं. 'ल' कोपऱ्यात होता. तिथे घाम यायचा.

तिसऱ्या वर्षाच्या स्नेहसंमेलनात सामान्यज्ञानाची स्पर्धा होती, आणि मी शेवटच्या फेरीत पोचलो. आबा पहिल्यांदाच कॉलेजात आले होते. कडक इस्त्रीचा सदरा घालून ते सभागृहात सगळ्यांत मागे उभे होते. खुर्ची रिकामी असूनही बसले नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, सुरतेला साड्यांच्या गोडाऊनमध्ये होता आणि तिथे माझ्यासाठी जागा ठेवून होता. मला मात्र पुण्याला जाऊन एम. ए. करायचं होतं. आबा म्हणाले होते, पाहू तू काय शिकलास ते. आता ते पाहायला आले होते. प्रश्न विचारायला आमचे भूगोलाचे सर होते. नाव लिहीत नाही, कारण ते आजही मला दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवतात. शेवटचा प्रश्न असा होता की बलोची आणि लाटवियन यांपैकी कोणती भाषा जास्त लोक बोलतात.

'ब' म्हटल्यावर मला पंख्याचा वारा लागल्यासारखं झालं. बलोचीवर मी दोनदा वाचलं होतं. पाकिस्तानात, इराणात, अफगाणिस्तानात, थेट ओमानच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेले लोक. लाटवियन ही काय चीज आहे ते मला अजिबात माहीत नव्हतं, पण एवढ्या पसरलेल्या माणसांपेक्षा ती मोठी असेल असं वाटलं नाही. मी म्हणालो, बलोची. सरांनी हातातल्या कागदाकडे न पाहताच मान हलवली. चूक, म्हणाले. लाटवियाला स्वतःचा देश आहे, राजधानी आहे, संसद आहे, तिथे सगळा कारभार लाटवियनमध्ये चालतो. बलोचीला यातलं काय आहे? मी वाक्य धुतलं, वाळवलं आणि अतिशय नम्रपणे म्हणालो, "पन सर, बोलनारा तर जास्त शेतस ना." मी हे मराठीत बोललो असंच मला वाटलं होतं. सभागृह ज्या प्रकारे हसलं त्यावरून कळलं की वाळवताना काहीतरी राहून गेलं होतं. दुसरा नंबर मिळाला. मागे पाहिलं तर आबांचा सदरा दारातून बाहेर जाताना दिसला.

मोटरसायकलवर मागे बसून मी गावापर्यंत आबांच्या मानेकडे पाहत होतो. गाव आल्यावर, गाडी स्टँडवर लावता लावता, ते एवढंच म्हणाले, "तीन वरीस शिकना. आनि कोन जास्त बोलस ते बी समजनं नहीं." मी सांगायचा प्रयत्न केला की सरच चुकले असतील. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तापी उलटी वाहते म्हणालो. सर चुकत नसतात. चुकले असते तर त्यांना सर कोणी केलं असतं? परीक्षा आटोपली की सुरत, असं त्यांनी किल्ली खिशात टाकता टाकता ठरवून टाकलं.

रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट फुईपर्यंत गेली, आणि तिथून ती माझी राहिली नाही. कोण जास्त बोलतं हा प्रश्न फुईला स्वतःच्या हक्काचा वाटला. किती माणसं बोलतात हे तिला समजावून सांगायचा मी खूप प्रयत्न केला, पण तिच्या लेखी जास्त बोलणं म्हणजे जास्त बोलणं. तिने दोन्ही नावं मला पुन्हा पुन्हा उच्चारायला लावली. मग कळण्याची भाकरी मोडत निकाल दिला, "अरे, नावमाच शे ते. एक बोलोची, ती बोलस. दुसरी लाटवी, ती लाटस. पोया लाटनारी बाईले बोलाले टाईम कोठे ऱ्हास?" माय तोंडाला पदर लावून हसली. आबा हसले नाहीत, पण त्यांनी ठेचा पुन्हा मागितला. फुईच्या तोंडून निघालेली गोष्ट सकाळपर्यंत गावभर झाली. दोन दिवसांत टपरीवर बोलोचीवाले आणि लाटवीवाले असे दोन गट पडले. लाटवीवाल्यांकडे सर होते, देश होता, संसद होती. बोलोचीवाल्यांकडे फुई होती. मला अजूनही वाटतं, ताकद बरोबरीची होती.

मी आणि सायसिंग मोबाइल घेऊन बसलो. त्याने मला आधीच सांगितलं होतं की हे सोपं आहे, आकडे दाखवायचे आणि मोकळं व्हायचं. लाटवियनचा आकडा कुठेही पाहा, वीस लाखांच्या आतबाहेर. तिथले लोक आपली माणसं नीट मोजतात, असं दिसत होतं. बलोचीचं मात्र भलतंच. एक साइट म्हणे तीस-पस्तीस लाख, दुसरी म्हणे त्याच्या दुप्पट, तिसरी कोटीच्या जवळ. कोणी म्हणे अमुक टोळीची बोली यात धरायची, कोणी म्हणे नाही धरायची. मी खूश झालो, कारण सगळ्यांत लहान आकडाही वीस लाखांपेक्षा मोठा होता. मोबाइल घेऊन आबांकडे गेलो. आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मग आपला न्याय सांगितला. जो माणूस प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगतो तो खरा, आणि जो दर वेळी वेगळं सांगतो तो खोटा. तुझा लाटवी एकाच बोलीवर ठाम आहे. तुझा बलोची इथे काही सांगतो, तिथे काही सांगतो. असल्या माणसाला मी म्हैस विकणार नाही, आणि तू त्याच्या भरवशावर पुण्याला निघाला आहेस.

आता मी मुलांना शिकवतो तेव्हा ही अडचण मला फार खोल वाटते. मोजणाऱ्याकडे सरकार असलं की आकडा पक्का होतो. तीन देशांच्या डोंगरांत आणि वाळवंटांत विखुरलेली माणसं कोण मोजणार, आणि कोणत्या नावाखाली? तेव्हा मात्र असलं काही सुचलं नाही. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की माझं शिक्षण एका अस्थिर आकड्यावर उभं आहे.

आबा अन्याय करणारे नव्हते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाला, झोके उतरले, माझे थोडेच पेपर राहिले होते. तेव्हा त्यांनीच सुचवलं की सरांना घरी जेवायला बोलवू आणि समोरासमोर विचारू. पोटभर जेवलेला माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता. बेत ठरला वरण-बट्टीचा. फुई म्हणाली, सर एकटे कशाला, आणि पोराचा तो डोंगरातला दोस्त पण येऊ दे, बिचारा होस्टेलचं खाऊन वाळला आहे. आमच्याकडे आवतनाचे दोन प्रकार असतात. 'घरटी एक' म्हटलं तर घरातला एक माणूस येतो. 'चूलबंद' म्हटलं तर त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही, पाळण्यातल्या पोरासकट सगळ्यांनी जेवायला यायचं. फुईचा हात कधी आखडता नसायचा. तिने सरांकडेही चूलबंद सांगितलं आणि सायसिंगलाही चूलबंद, म्हणजे धडगावहून त्याचे आईवडील उतरले असतील तर तेही येतील. निरोप मीच पोचवला. सायसिंगने तो दोनदा विचारून घेतला, चूलबंदच ना? मी हो म्हणालो. तो हसला नाही. सायसिंग हसत नाही म्हणजे काय, हे तीन वर्षांत मला कळायला हवं होतं.

रविवारी सर आले. सर, बाई आणि दोन मुलं, गाडीतून उतरून अंगणात नीट एका रांगेत उभे राहिले. फुईने त्यांना पाणी दिलं, बाजेवर गोधडी अंथरली. गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या फुगत होत्या, वरणाला लसणाची फोडणी बसली होती, घोटलेल्या वांग्यांचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. तेवढ्यात त्या रस्त्यावरून आधी एक जीप आली, मग दुसरी, तिच्या टपावरही पोरं, आणि त्यामागे ट्रॅक्टरची ट्रॉली. ट्रॉलीतून मुलं उतरतच राहिली. सगळं वसतिगृह आलं होतं. त्यांचा आचारीही आला होता आणि तो रिकाम्या हाताने येऊन पहिल्या पंगतीत पहिला बसला. सायसिंगने फुईच्या पाया पडून अत्यंत आदराने खुलासा केला, "फुई, तुम्ही चूलबंद सांगितलं. आमच्या होस्टेलला चूल एकच आहे."

फुई गप्प झाली. माझ्या आयुष्यात मी तिला एवढा वेळ गप्प पाहिलेलं हे एकदाच. मग ती म्हणाली, खरं आहे पोरा, चूल एक म्हणजे घर एक, चूक माझीच. आणि कामाला लागली. मायने मोठं पातेलं चढवलं, शेजारच्या घरांतून भाकऱ्या आल्या, कोणी ज्वारीचे बिबडे भाजून दिले, कोणी ताकाची कळशी. वरण पुरणार नाही हे उघड होतं, तेव्हा फुईने त्यात पाणी ओतलं आणि मला कानात सांगितलं की तिखट दुप्पट टाकते, म्हणजे पोरं कमी जेवतील. तिचा हा हिशोब साफ चुकला. सातपुड्याची पोरं तिखट लागल्यावर सरसावून बसली, आणि सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

अशा त्या गडबडीत आबांनी आपला प्रश्न काढला. ते सरांच्या पानासमोर उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "सर, तुमी सांगशात तेच खरं. बलोची जास्त व्हई ते पोऱ्या पुन्याले जाई. लाटवी जास्त व्हई ते सुरतले. मी जबान देयेल शे." सरांनी बट्टी मोडता मोडता आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आता फक्त मिरचीचं होतं की नाही, सांगता येणार नाही. आपण त्या दिवशी विचारलेला प्रश्न एवढा लांब आला आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. पण ते सर होते. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, पाटील, साधी गोष्ट आहे. लाटवियनचा आकडा पक्का आहे. तुमचा मुलगा बलोचीचा एक आकडा मला सांगू शकतो का? ज्याचा आकडाच माहीत नाही, ते जास्त आहे असं आपण म्हणायचं कसं?

आबांनी मान डोलावली. तेवढ्यात फुई वरणाची बादली घेऊन आली, आणि सरांनी, विषय बदलावा म्हणून असेल, सहज विचारलं की एकूण किती पानं झाली आज. फुईला हा प्रश्न आवडला नाही. पाहुण्यांची डोकी मोजणं आमच्याकडे अपशकुन मानतात. ती म्हणाली, "तुमनं घर चार, ते मले दिसस. त्या पोरं कितला शेतस ते मी नहीं मोजं आनि मोजाऊ बी नहीं. पन चारपेक्षा जास्त शेतस, एवढं तर आंधयाले बी समजी."

सरांचा हात पानावरच थांबला. बट्टीवरचं तूप ओघळून वांग्यांत गेलं. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य न धुता बोललो. म्हणालो, सर, तसंच आहे. बलोचीचा आकडा मला माहीत नाही. कोणालाच नाही. पण कमीत कमी धरला तरी लाटवियनपेक्षा जास्त आहे. एवढं एका दमात बोलून मला धाप लागली. सरांनी बट्टीचा तुकडा वरणात बुडवला. मग म्हणाले, "हे जेवण आहे आधार, भाषाशास्त्र नाही." आणि फुईसमोर वाटी धरून अजून वरण मागितलं. जाताना, गाडीचं दार लावता लावता, काच खाली करून आबांना म्हणाले, बघतो.

मला तो होकार वाटला. आबांना नाही. तहसीलमध्ये, बँकेत, वीज मंडळाच्या खिडकीवर आबांनी आयुष्यभर 'बघतो' ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ नाही असा होतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझा शेवटचा पेपर झाला, सरांकडून काही आलं नाही, आणि दाजी न्यायला आला. फुईने दशम्या बांधून दिल्या आणि बस सुटेपर्यंत खिडकीपाशी उभं राहून लाटवी लोकांना नावं ठेवत राहिली. त्या बिचाऱ्यांना तिकडे उचक्या लागल्या असतील.

सरांनी मला पुढे सांगितलं की ते खरंच बघत होते. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात होते. ज्या पुस्तकात पाहावं त्यात बलोचीचा वेगळाच आकडा, आणि त्यातला प्रत्येक आकडा लाटवियनपेक्षा मोठा. उत्तर पहिल्याच दिवशी मिळालं होतं, पण आबांसमोर एक पक्का आकडा घेऊन जावं म्हणून ते थांबले. तो काही त्यांना मिळाला नाही. शेवटी आकड्याशिवायच गेले. यातलं काहीही मला तेव्हा माहीत नव्हतं. आबांनी फोनही केला नाही. आमच्या घरी फोन मयताची बातमी सांगायला असतो. चांगली बातमी माणसाबरोबर पाठवतात.

सुरतेला मी साड्यांच्या घड्या घालायला शिकत होतो. पदर वर यावा, काठ काठावर बसावा, आणि मधली सुरकुती तळहाताने पुसून काढावी. दाजी चांगला माणूस होता. तो म्हणायचा, तुझा हात बसतोय, वर्षभरात काउंटरवर बसशील. मला त्याच्या चांगुलपणाचीच भीती वाटायची. आसपासचे सगळे गुजरातीत, हिंदीत, ओडियात बोलत, आणि मी आपला मनातल्या मनात मोजत बसायचो, कोण जास्त, कोण कमी. एका सकाळी गोडाऊनच्या दारात मोठा भोंगा वाजला. आमच्या गावचा जगन नाना, केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर, डोक्याचा रुमाल सोडत आत आला आणि मला पाहून हसला.

"तू आजून आठेच शे? तुन्हा बलोची तर निवडी उना."

मी विचारलं, कोण निवडून आला?

"मले काय माहीत कोन. तुन्हा सर फटफटीवर उना, जाडा जाडा पुस्तकं लई उना, आबाले निंबखाले बसाडीसन दखाडात. तवयपासून आबा जो दिसस त्याले धरीसन सांगस, बलोची निवडी उना, लाटवी पडना. कोन्ता पक्षाना शे रे तो?"

माझ्या हातात अर्धी घडी घातलेली साडी होती. दाजी गल्ल्यावरून वळून आमच्याकडे पाहत होता. पक्षाचं मी सोडून दिलं. मी एवढंच विचारलं, की आबा माझ्याबद्दल काही बोलले का.

नानाने रुमाल झटकला, पुन्हा डोक्याला बांधला आणि दाराबाहेरच्या ट्रककडे बोट दाखवलं. "बोलनात ना. केया खाली कर म्हने, आनि त्या जागावर पोऱ्याले बसाडीसन लई ये. सोमवारे त्याले पुन्याले जानं शे."